ढगांना बोलावणारे आठ बार

निशिवाकी तामाए ही बाई दुसऱ्यांच्या चुका शोधण्यात इतकी तरबेज होती की स्टुडिओतले वादक तिच्यामागे तिला ‘भिंग’ म्हणत. साठ वादकांच्या साठ कागदांवरच्या हजारो टिंबांमधलं एखादंच टिंब अर्ध्या सुराने घसरलेलं असलं, तरी तिची नजर नेमकी तिथे जाऊन अडकायची. संगीतकार उगाकी सेन्सेईंकडे ती नऊ वर्षं अरेंजर होती. म्हणजे असं की, सेन्सेई पियानोवर चाल बांधणार, आणि त्या चालीतलं व्हायोलिनला किती, चेलोला किती, बासरीला किती हे वाटून देऊन प्रत्येकासमोरचा कागद तयार करणार ही. नाव सेन्सेईंचं, डोळे हिचे. तिची त्याबद्दल तक्रार नव्हती. या खेपेला मात्र सेन्सेई आपण होऊन म्हणाले होते, "निशिवाकी, या चित्रपटात तुझं नाव वेगळ्या ओळीत येईल. एकटीचं."

चित्रपट होता ‘ढगांचा कळप’. याच नावाच्या पाच भागांच्या कादंबरीवरून काढलेला, चार वर्षं हाताने चित्रं रंगवून केलेला. ती कादंबरी वाचत मोठं झालेलं माणूस तोक्योत कुठेही सापडेल. डोंगरातल्या एका गावात लोक मेंढ्यांसारखे ढग पाळतात. गावातले एक आजोबा शिंग फुंकून ढगांना हाक मारतात. आजोबा जातात, ढग पांगतात, आणि त्यांची नात तेच शिंग ओठाला लावून कळप परत आणते. पुस्तकात ती हाक नुसती लिहिलेली होती, कोणी कधी ऐकली नव्हती. ती हाक सेन्सेईंनी बांधली होती, फक्त आठ बारांची, म्हणजे तालाच्या आठ घरांची. सुरुवातीला आजोबांची आणि शेवटी नातीची, दोन्ही वेळा तीच चाल, आणि दोन्ही वेळा वाजवणार एकटा फ्रेंच हॉर्न.

हॉर्नच्या पहिल्या खुर्चीवर कुरामोची तेइझो होते. वय चौसष्ट. सेन्सेईंच्या पहिल्या चित्रपटापासून, तीस वर्षं, तीच खुर्ची.

आता चूक काय झाली ते सांगायला हवं. हॉर्न हे आडमुठं वाद्य आहे. त्याच्यासमोर ‘सा’ लिहिला तर ऐकू येतो खालचा ‘म’. म्हणून हॉर्नवाल्याचा कागद कायम पाच सूर चढवून लिहितात. हे शाळकरी पोरांनाही ठाऊक असतं आणि हल्ली कॉम्प्युटर ते आपणहून करतो. रेकॉर्डिंगच्या आदल्या दिवशी दिग्दर्शकांनी आजोबांचं दृश्य अकरा सेकंदांनी वाढवलं. सगळं पुढे-मागे सरकलं. तामाएने घाईघाईने ते आठ बार चेलोच्या कागदावरून उचलले आणि हॉर्नच्या कागदावर ठेवले. सकाळी काहीतरी तपासताना तिनेच कॉम्प्युटरची ती सूर चढवण्याची सोय बंद केली होती, आणि परत चालू करायला विसरली. बस्स, एवढंच. पट्टीचा पोहणारा बुडतो तो गुडघाभर पाण्यातच.

पहिल्या दिवशी, सकाळी साडेदहाला, साठ माणसं हेडफोनमधून कानात तालाची टिकटिक लावून बसली होती. समोरच्या पडद्यावर आजोबांनी शिंग वर उचललं. कुरामोचींनी फुंकर घातली. एक सूर आला, तो भलताच. दुसरा सूर आला आणि मध्येच वर उसळला, फुटला, खरखरला. मग चाल सापडली, पण तोवर पडद्यावरच्या आजोबांची लाज गेली होती.

काचेमागच्या खोलीतून सेन्सेईंनी बोलायचं बटण दाबलं. "काय हो कुरामोची-सान, आजोबांना ठसका लागला का?"

दालनात हसू पसरलं. कुरामोची अर्धवट उठले, वाकले. "माफ करा. ओठ जरा हलला. पुन्हा एकदा."

काचेमागेच, सेन्सेईंच्या शेजारी बसलेल्या तामाएने समोरच्या कॉम्प्युटरवर हॉर्नचा कागद उघडला. नजर बरोब्बर तिथेच जाऊन अडकली, सवयीप्रमाणे. कागद चुकीचा होता आणि म्हातारा तो चुकीचा कागद, समोर दिसतंय एक आणि वाजवायचं एक असं, मनातल्या मनात पाच सूर चढवून वाजवत होता. तेसुद्धा न थांबता, न बोलता.

दुसऱ्या खेपेला पहिला सूर पुन्हा किंचित फुटला. तिसऱ्या खेपेलाही. पुढचं सगळं मात्र असं काही वाजलं की पुढची एक व्हायोलावाली वळून बघायला लागली. पण सेन्सेईंच्या कानात तो पहिला सूर कुसळासारखा रुतून बसला होता. "राहू द्या," ते म्हणाले. "वेळ नाही. हे आपण तिसऱ्या दिवशी शेवटाबरोबर पुन्हा घेऊ."

बोलायचं बटण तामाएच्या हातापासून वीतभर अंतरावर होतं. ‘चूक माझी आहे, कागद चुकलाय’, पाच शब्द. सुट्टीत सांगू, असं तिने ठरवलं.

सुट्टीत सेन्सेई कॉरिडॉरमध्ये सेकिनेबाईंशी बोलत होते. वादकांना फोन करायचे, कोणाला कुठल्या खुर्चीवर बसवायचं ते बघायचं, हे सेकिनेबाईंचं काम. तामाए सेन्सेईंचा चहा घेऊन गेली.

"तिसऱ्या दिवशी पहिल्या खुर्चीवर ओनोदेराला बसवा," सेन्सेई म्हणत होते.

"आणि कुरामोची-सान?"

"त्यांना सांगा आता आराम करा म्हणून. वय झालं. तुम्हीच सांगा, तुमचं तोंड गोड आहे."

"सेन्सेई, तीस वर्षं वाजवतायत ते तुमच्यासाठी."

"म्हणून तर तुम्हाला सांगतोय. दुसऱ्या कोणाला मी चिठ्ठीनेच कळवलं असतं." मग त्यांचं लक्ष तामाएकडे गेलं. "काय गं?"

तामाए कपाकडे बघत म्हणाली, "ते... नदीच्या दृश्याचा वेग उद्या तोच ठेवायचा ना?"

"तोच. आण तो चहा."

तिने चहा दिला. कप बशीवर किणकिणला आणि तिला वाटलं, या आवाजावरूनच आता सगळ्यांना कळेल. कोणाला काही कळलं नाही. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

संध्याकाळी सगळे गेल्यावर ती स्टँडवरचे कागद गोळा करायला दालनात गेली. हे खरं तर तिचं काम नव्हतं. पहिल्या हॉर्नच्या कागदावर, त्या आठ बारांच्या वर, बारीक पेन्सिलीने नीट बरोबर सूर लिहिलेले होते. पुन्हा घ्यायची वेळ आली तर असावेत म्हणून म्हाताऱ्याने सुट्टीत लिहून ठेवले होते. शेजारी ना उद्गारचिन्ह, ना प्रश्नचिन्ह. कागदाच्या तळाशी छापील अक्षरांत तिचं नाव होतं.

तामाएने दुरुस्त केलेला नवा कागद छापला, स्टँडवर ठेवला आणि पेन्सिलीचा कागद आपल्या पिशवीत घातला. चूक होणं ही एक गोष्ट, पण हे तिने शुद्धीवर असताना, दोन्ही हातांनी केलं. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं मनाला बजावत ती घरी गेली. पण ती मूठ उघडी पडायच्या भीतीने ती धड जेवलीही नाही.

दुसऱ्या दिवशी फक्त गायकवृंदाचं काम होतं, तेही दुपारपर्यंत. तिथून ती शिंजुकूच्या एका दुकानाच्या तळमजल्यावर गेली आणि योकानचं खोकं मागितलं. माफी मागायला जाताना हलकं खोकं नेत नाहीत. लाल चवळीच्या गोड लगद्याच्या त्या काळसर वड्या विटेसारख्या जड असतात, आणि हात दुखले म्हणजे माफी खरी, असा आपला समज.

"वर पट्टी कुठली लावू?" दुकानातल्या बाईने विचारलं. "अभिनंदन, की धन्यवाद?"

"पट्टी नको."

बाईने एकदा तिच्याकडे पाहिलं. "बरं," ती हळू आवाजात म्हणाली आणि साध्या करड्या कागदात खोकं बांधून दिलं. परक्या बाईलाही कळलं, या जाणिवेने तामाएचे कान तापले.

कुरामोचींचं घर कुनिताचीला. दार त्यांच्या बायकोने, फुसाएबाईंनी उघडलं. "अगंबाई, निशिवाकी-सान! या, या! अहो, बघा कोण आलंय!" मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "काल सेकिने-सानचा फोन आला तेव्हापासून हे नुसते पर्सिमन सोलत बसलेत. दोनशे झाली. आता शेजाऱ्यांच्या झाडावर नजर आहे. तुम्ही तरी काहीतरी बोला त्यांच्याशी."

मागच्या व्हरांड्यात कुरामोची मांडी घालून बसले होते. पुढ्यात तुरट पर्सिमनची टोपली. सोललेली फळं दोऱ्यांना बांधून पागोळीखाली वाळायला टांगलेली. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, खोक्याकडे पाहिलं, आणि एक सुरी तिच्यापुढे सरकवली.

"सोलता येतं का? देठ तेवढं ठेवा, नाहीतर दोरी कशाला बांधणार?"

तामाए सोलायला बसली. एक सोललं. दुसरं सोललं. दुसऱ्याची साल निम्म्यात तुटली.

"कुरामोची-सान, कालचे ते आठ बार..."

"हं."

"चूक माझी होती. सूर चढवायचे राहिले माझ्याकडून."

"दुसऱ्या सुरालाच कळलं मला ते."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?" हे तिच्या तोंडून असं निघालं की जणू चूक त्यांचीच. चोराच्या उलट्या बोंबा. तिची तिलाच किळस आली.

कुरामोचींनी सुरी खाली ठेवली. "साठ माणसं बसली होती. काचेतून तुमचं तोंड दिसत होतं, पांढरंफटक. म्हटलं, हिला कळलंय. आता मी उठून ‘कागद चुकलाय’ म्हटलं तर बाई जागच्या जागी मरेल. माझं काय? म्हाताऱ्याने ओठ म्हटलं की खपून जातं." त्यांनी टोपलीतलं पुढचं फळ उचललं. "पुढे तुम्ही बोलालच, असं वाटलं मला."

तामाएला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. रागावले असते तर सोसलं असतं. या माणसाने तिच्यावर भरवसा ठेवला होता आणि ती कप-बशी सांभाळत वेगाच्या गोष्टी विचारत उभी होती.

"मी काढून टाकलं तुम्हाला," ती म्हणाली. "सेन्सेईंनी नाही. मी."

"वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू? सेकिने-सान फोनवर इतक्या गोड बोलल्या की मला वाटलं कोणीतरी वारलं." ते जरा हसले. "बरं, मी पेन्सिल केलेला कागद कुठे गेला?"

तिने पिशवीतून काढून दिला. त्यांनी चष्मा लावून तो वरपासून खालपर्यंत पाहिला आणि तिला परत केला.

"मला वाटलं, फाडला असेल."

"फाडवेना."

"हं."

"उद्या सकाळी मी सेन्सेईंना सांगते. तुमची खुर्ची—"

"नको. खुर्ची ओनोदेराला मिळालीय. माझाच विद्यार्थी तो. ऐन वेळी तिथे काही काढलंत तर पोराच्या ओठांना कंप सुटेल. माझ्यासाठी म्हणून काही बोलू नका."

आणि तामाएला हलकं वाटलं. सांगायचं असूनही सांगायला नको, असं खुद्द त्यांनीच म्हटलं होतं. क्षणभर, एखादं पर्सिमन सोलून होईल इतका वेळ, ती चक्क सुटल्यासारखी बसली. पुढे कितीतरी वर्षं तिला चुकीपेक्षा, कागदापेक्षाही, या हलकेपणाची लाज वाटत राहिली.

निघताना तिने दोन्ही हातांनी खोकं पुढे केलं, कपाळ जमिनीला लावलं. कुरामोचींनी ते खोकं एका बोटाने हळूच परत सरकवलं.

"हे घेऊन जा."

"पण मी माफी..."

"चव्हाट्यावर झालेलं माजघरात मिटत नाही, निशिवाकी-सान. आणि आमच्या हिला साखरेचा त्रास आहे."

"मला कुठे त्रास आहे?" आतून फुसाएबाई ओरडल्या.

आगगाडीत खोकं मांडीवर घेऊन तामाए विचार करत राहिली. बोलू नका म्हणतात आणि खोकंही ठेवून घेत नाहीत. म्हणजे म्हाताऱ्याने आपला हक्क सोडला होता, पण तिला सोडलं नव्हतं. पुढचं काय ते तिचं तिने बघायचं. मांडीला रग लागली तरी तिने खोकं बाजूच्या रिकाम्या सीटवर ठेवलं नाही.

तिसऱ्या दिवशी पहिल्या खुर्चीवर ओनोदेरा बसला. एकोणतीस वर्षांचा, उंच, कान मोठे. पहिल्या दिवशी तो दुसऱ्या खुर्चीवर, कुरामोचींच्या शेजारी होता. समोर तामाएने छापलेला स्वच्छ कागद होता. आजोबांनी पडद्यावर शिंग उचललं, आणि ओनोदेराने ते आठ बार एका दमात, एकही ओरखडा न येता वाजवले. फारच सुरेख वाजवले.

सेन्सेईंनी बटण दाबलं. "वा, ओनोदेरा-कुन! परवा हेच ऐकताना मला आजोबांसाठी डॉक्टर बोलवावासा वाटत होता."

साठ माणसं हसली. ओनोदेरा हसला नाही. त्याने मान खाली घातली. तामाएने ते काचेतून पाहिलं आणि तिचा हात पुढे गेला.

"मी निशिवाकी," ती बटण दाबून म्हणाली. सगळ्यांना माहीत होतं ती कोण ते. "परवाचे... परवा जे झालं, कुरामोची-सानांचं, ते त्यांचं नव्हतं. कागद चुकीचा होता. मी लिहिला होता. सूर चढवले नव्हते. ते मनात चढवून वाजवत होते." श्वास संपला. तिने पिशवीतून तो कागद काढून काचेला लावला. इतक्या लांबून कोणाला काही दिसणार नव्हतं. "हे त्यांनी पेन्सिलीने केलं. मी लपवलं. मला त्याच वेळी माहीत होतं."

तिचं बोट बटणावरच राहिलं. दालनातल्या स्पीकरवर तिचा श्वास साठ जणांना ऐकू येत होता. वादकांच्या या जातीला एकमेकांच्या चुका झाकायची सवय असते, उघड्या चुकीचं काय करायचं हे कोणाला कळत नाही. कोणीतरी खुर्ची सरकवली. शेवटी सेन्सेईंनी तिचं बोट बटणावरून बाजूला केलं.

"दहा मिनिटं सुट्टी," ते दालनाला म्हणाले. मग तिच्याकडे न बघता म्हणाले, "दाखव."

त्यांनी कागद खूप वेळ पाहिला.

"दिवसाला दहा चुका मी करतो," ते म्हणाले. "चुकीचं काही नाही. पण मी सेकिने-सानशी बोलत होतो तेव्हा तू शेजारी होतीस. माझा चहा तुझ्या हातात होता."

"हो."

"आणि मी. कान माझे म्हणे." ते खुर्चीत बसले. "एक माणूस समोर चुकीचा कागद ठेवून बरोबर वाजवतोय, आणि मला ऐकू काय येतंय, तर वय."

"माझं नाव काढून टाका, सेन्सेई. त्या ओळीतून."

"का काढू? नाव राहील. एकटीचं, वेगळ्या ओळीत." त्यांनी पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं. "बघत जा दर वेळी."

बाहेर तिने खोकं उघडलं. सेकिनेबाईंनी कुठूनतरी सुरी आणून वड्यांचे पातळ काप केले आणि ती ताटली घेऊन तामाए साठ जणांपुढून फिरली. प्रत्येकापुढे वाकायचं, प्रत्येकाने एक काप उचलायचा. कोणी म्हणालं, "होतं असं." ड्रमवाल्याने दोन काप घेतले. ओनोदेरापुढे ती वाकली तेव्हा त्याने हात मागेच ठेवला.

"मला नको."

"ओनोदेरा-सान, मी खरंच—"

"तसं नाही." त्याचे मोठे कान लालबुंद झाले होते. "परवा मी शेजारी होतो. त्यांना पेन्सिल करताना मी पाहिलं. विचारलं, तर म्हणाले, तुझं तू वाजव. मग खुर्ची मिळाल्याचा फोन आला आणि मी हो म्हटलं." तो ताटलीकडे बघत राहिला. "मला कसं चालेल हे?"

तामाएला वाटलं होतं, लाजेच्या त्या खड्ड्यात आपण एकटीच आहोत. तिथे सोबत आहे हे कळूनही काही बरं वाटलं नाही.

सुट्टी संपल्यावर सेन्सेईंनी परवाची तिसरी खेप लावायला सांगितली, दालनातले स्पीकरही चालू ठेवून. आता सगळ्यांना ठाऊक होतं काय ऐकायचं ते. पहिला सूर आला, किंचित फुटला, जणू छातीत दम नाही. मग सावरला आणि डोंगरावर चढत गेला. पडद्यावर आजोबा होते, नव्वदीचे, हात थरथरणारे, आणि दरीतून एकेक ढग मान वर करत होता. मघाचा ओनोदेराचा सूर स्वच्छ होता, पण तो तरण्या माणसाचा होता.

"आजोबांना हाच राहील," सेन्सेई म्हणाले आणि फोन घेऊन कॉरिडॉरमध्ये गेले. दाराच्या फटीतून तामाएला दिसत होतं. समोर कोणी नसताना सेन्सेई कमरेत वाकून फोनला नमस्कार घालत होते. एकदा, दोनदा, मग बराच वेळ वाकलेलेच.

परत आले ते डोळे पुसत नव्हते, पण चष्मा पुसत होते. "येत नाहीत म्हणतात. आजोबांचं झालंय, नातीचं ओनोदेराने वाजवावं. आणि पर्सिमनना पाऊस लागू नये म्हणून घरी कोणीतरी हवं, म्हणे." त्यांनी ओनोदेराकडे बघून मान हलवली. ओनोदेराने शिंग उचललं. त्या दिवशी त्याने शेवट वाजवला तो परीक्षेला बसल्यासारखा नव्हे, तर खरोखरच कोणाला तरी हाक मारल्यासारखा वाजवला.

चित्रपटाचा पहिला खेळ, तयार करणाऱ्यांसाठीचा, मार्चमध्ये झाला. तामाएने कुरामोची नवरा-बायकोला स्वतः जाऊन आमंत्रण दिलं होतं. त्यांनी तिला मधल्या खुर्चीवर बसवून घेतलं. फुसाएबाईंनी तिच्या हातात पांढरी साखर सुटलेल्या वाळक्या पर्सिमनची पुडी ठेवली. "घ्या, यातलं एक तुम्ही सोललेलं आहे. कुठलं ते लगेच कळेल, सोलताना निम्मा गर घालवलात."

आजोबांनी शिंग ओठाला लावलं. पहिला सूर फुटला. मागच्या रांगेतली कोणीतरी बाई शेजारणीला म्हणाली, "बाई गं! खरंच दम लागलाय हो त्यांना. कसं सुचतं या लोकांना!" आणि नाक ओढलं. दालनात आणखी दोन-चार ठिकाणी रुमाल निघाले. तामाएचे कान पेटले होते. कुरामोची समोर बघत होते, गालावर कसलीच हालचाल नव्हती. शेवटी नातीने हाक मारली तेव्हा मात्र त्यांची बोटं मांडीवर हॉर्नच्या पट्ट्या दाबत होती.

मग काळ्या पडद्यावर नावं यायला लागली. वादकांची नावं दोन रांगांत सरसर वर गेली. हॉर्नमध्ये पहिलं नाव कुरामोची तेइझो होतं. नंतर पडदा क्षणभर रिकामा राहिला आणि एक ओळ आली, एकटीच. वाद्यवृंद संयोजन, निशिवाकी तामाए. सेन्सेईंनी सांगितलं होतं, म्हणून तिने नजर हलवली नाही.

कुरामोची तिच्या कानाशी झुकले.

"आलं तुमचं नाव," ते कुजबुजले. "तो पहिला सूर तुमचा हं. पुढचे सगळे माझे."